उच्छ्वासाची साक्ष

१

मराठीत श्वासोच्छ्वासासाठी शब्दांची वाण नाही. आत घेतो तो श्वास, बाहेर टाकतो तो उच्छ्वास. दुःखात किंवा सुटकेत सोडतो तो सुस्कारा. जिना चढून आल्यावर लागते ती धाप. फारसीतून आलेल्या 'दम' या एका शब्दाने तर मराठीत केवढा संसार थाटला आहे! आपण दम खातो, दम धरतो, दुसऱ्याला दम देतो आणि ज्या रोगात दम पुरत नाही त्याला 'दमा' म्हणतो. परंतु हे सारे शब्द नीट पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ते श्वासाच्या गतीविषयी, लांबीविषयी, जोराविषयी बोलतात. त्या श्वासात काय आहे, याविषयी त्यांतला एकही बोलत नाही. बाहेर पडलेल्या हवेच्या अंतरंगाविषयी आपल्या बोलीत फार तर 'तोंडाला वास येतो' एवढेच म्हणता येते.

वैद्यकाचा इतिहासही बराचसा असाच आहे. श्वास ऐकला गेला, मोजला गेला, त्याची लय तपासली गेली. त्याचे पृथक्करण करून त्यातून रोगाची वार्ता काढण्याचा उद्योग मात्र अलीकडचा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या उद्योगाचा, विशेषतः फुप्फुसांच्या व श्वासमार्गाच्या रोगांपुरता, इतिहास मांडणार आहोत. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय आणण्याचे कारण एवढेच की, हा इतिहास जितका यंत्रांचा आहे तितकाच अर्थनिर्णयाचा आहे. उच्छ्वास ही साक्ष आहे हे मान्य केले, तरी ती कोणाविषयीची साक्ष, ती कशाशी ताडून पाहायची आणि रोग्याच्या स्वतःच्या बोलण्यापेक्षा तिला अधिक मान का द्यायचा, हे प्रश्न उरतातच. यंत्रे सुधारत गेली तसतसे हे प्रश्न मिटले नाहीत, उलट अधिक टोकदार झाले, असे आमचे म्हणणे आहे.

२

सुरुवात अर्थातच नाकापासून झाली. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगपरीक्षेचा विचार करताना वैद्याने सर्व इंद्रियांनी रोग्याची तपासणी करावी, असे सांगितले आहे. अपवाद फक्त जिभेचा. रोग्याच्या शरीराची चव वैद्याने घ्यायची नाही; ती अनुमानाने जाणायची. माश्या अंगाकडे ओढल्या जातात का, हे पाहून ती ठरवायची. गंध मात्र प्रत्यक्ष नाकाने तपासायचा. याच ग्रंथाच्या इंद्रियस्थानात एक विलक्षण कल्पना येते. फळापूर्वी फूल यावे तसे मृत्यूपूर्वी त्याचे चिन्ह येते. म्हणून ज्याच्या अंगाला अकारण नाना फुलांचा गंध येऊ लागतो, त्या माणसाला 'पुष्पित' म्हणावे आणि तो वर्षभर जगणार नाही असे समजावे. सुगंध हे मरणचिन्ह ठरावे, ही कल्पना एखाद्या कवीलाही सहज सुचली नसती. तिच्या वैद्यकीय सत्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यामागची विचारपद्धती महत्त्वाची आहे. गंध चांगला की वाईट हा प्रश्न तिथे नाही. तो त्या देहावर असायला हवा होता का, हा आहे.

ग्रीकांकडे हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत क्षयरोग्याविषयी एक सूत्र आहे. रोग्याचा बेडका निखाऱ्यावर टाकला असता जड दुर्गंध आला आणि त्याच्या डोक्याचे केस गळू लागले, तर रोग प्राणघातक समजावा, असा त्याचा आशय आहे. निखाऱ्यावर तापवून वायुरूप करायचे आणि त्या वायूवरून निदान करायचे, ही कृती आजच्या प्रयोगशाळेतल्या कृतीशी नाते सांगते. फरक इतकाच की, तिथे वाचणारे नाक होते आणि त्या नाकाचा शब्दसंग्रह 'जड', 'गोड', 'कुजका' अशा पाचपन्नास विशेषणांच्या पलीकडे जात नव्हता.

याच्याच जोडीला आणखी एक साक्ष होती, ती रोग्याच्या सांगण्याची. चरकाने श्वासरोगाचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन वाचताना आजच्या दम्याच्या रोग्याला आपलीच कहाणी कोणी लिहून ठेवली आहे, असे वाटेल. आडवे पडले की जीव घाबरा होतो, उठून बसले की बरे वाटते. उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. आभाळ भरून आले, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. हे वर्णन बाहेरून पाहणाऱ्याचे खरे, पण 'बरे वाटते', 'हवेसे वाटते' या गोष्टी रोग्याने सांगितल्याशिवाय कोणाला कळतील? वैद्याचे नाक आणि रोग्याची वाणी, अशा दोन साक्षी तिथे शेजारीशेजारी नांदत होत्या.

३

युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हे शेजारपण मोडू लागले. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून एका तरुणीच्या छातीतले आवाज ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोगी काय सांगतो यापेक्षा त्याची छाती काय सांगते याकडे कान वळले. ज्या क्षयाचे आवाज त्याने इतक्या बारकाईने नोंदवले, त्याच क्षयाने १८२६ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

पण लाएनेकनेही ऐकला तो आवाज. श्वासातला पदार्थ हाती लागला तो रसायनशास्त्रज्ञांच्या. १७५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक याने उच्छ्वास चुन्याच्या निवळीतून जाऊ दिला. निवळी दुधाळ झाली आणि आपण बाहेर टाकतो ती हवा आत घेतलेल्या हवेहून निराळी आहे, हे डोळ्यांना दिसले. हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत काचेच्या नळीने फुंकून केलेला असेल. पुढे आंत्वान लव्हाझिए याने श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा सिद्धांत मांडला. लाप्लासच्या सहकार्याने गिनी पिग बर्फाच्या भांड्यात ठेवून त्याने वितळलेले पाणी आणि बाहेर पडलेला कर्बवायू यांचा मेळ घातला. नंतर सेगँ या सहकाऱ्याला मुखवटा बांधून, कधी स्वस्थ बसवून तर कधी श्रम करायला लावून, माणूस किती प्राणवायू खर्चतो, हे मोजले. या प्रयोगांची चित्रे लव्हाझिएच्या पत्नीने, मारी-आन हिने काढली आहेत. त्यांत ती स्वतः एका बाजूला मेजापाशी बसून नोंदी घेताना दिसते.

या प्रयोगांच्या वृत्तान्तात एक जागा अशी येते की, जिथे रसायनशास्त्र थबकते आणि समाजचिंतन सुरू होते. श्रम करणाऱ्याचा प्राणवायू अधिक खर्च होतो, म्हणजे त्याचे शरीर अधिक झिजते आणि त्याला अन्नही अधिक लागते. मग ज्याला अन्नाची गरज अधिक त्या मजुरालाच ते कमी मिळावे, आणि ज्याला गरज कमी त्या श्रीमंताकडे ते उदंड असावे, हे कसे, असा प्रश्न लव्हाझिए आणि सेगँ यांनी १७८९ च्या निबंधात उपस्थित केला आहे. पाच वर्षांनी, ८ मे १७९४ रोजी, राजाचा करवसुली भागीदार म्हणून लव्हाझिएचा शिरच्छेद झाला. उच्छ्वास मोजण्याच्या अगदी पहिल्या गंभीर प्रयत्नातच 'हा श्वास कोणाचा?' हा प्रश्न उमटला होता, एवढे आम्हांला येथे नोंदवायचे आहे. पुढच्या काळात तो प्रश्न वेगळ्या, बऱ्याच अप्रिय रूपात परत आला.

४

१८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन या वैद्याने आपला स्पायरोमीटरविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. पाण्यावर उलटे तरंगणारे भांडे, त्यात नळीने फुंकायचे आणि भांडे किती वर उचलले जाते ते पाहायचे, अशी ही साधी युक्ती. पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त जितकी हवा बाहेर टाकता येते तिला त्याने जे नाव दिले, त्याचा अर्थ 'जीवनक्षमता' असा होतो. नावातच दावा आहे. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक माणसांना या नळीत फुंकायला लावले. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, आग विझवणारे, छापखान्यातले कामगार, मुष्टियोद्धे, कंगाल आणि सभ्य गृहस्थ, सगळे होते. पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत दर इंचामागे ही क्षमता आठ घनइंचांनी वाढते, असा नियम त्याला सापडला. त्याच्या नोंदींत सात फुटांच्या आसपास उंचीचा एक अमेरिकन मुष्टियोद्धा आहे. बाहेरून तो अजून धडधाकट दिसत असतानाच त्याचे फुंकर मारण्याचे बळ घटू लागले होते आणि पुढे तो क्षयाने गेला. रोग उघड होण्याआधी यंत्राला कळतो, ही आशा अशा उदाहरणांनी बळावली.

हचिन्सनचा संबंध आयुर्विम्याच्या व्यवसायाशी होता, ही बाब येथे विसरता येत नाही. विमा कंपनीला अर्जदाराच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. तिला असा आकडा हवा होता की, जो खोटे बोलणार नाही. पण आकडा एकटा कधीच बोलत नाही. एखाद्याने तीन लिटर हवा बाहेर टाकली, तर ती पुरेशी की अपुरी? त्याच्याकडून किती अपेक्षित होती, हे ठरवल्यावाचून या प्रश्नाला उत्तर नाही. आणि 'अपेक्षित' हा शब्द आला की समाज आला.

१८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेतला सॅम्युएल कार्टराइट हा वैद्य हेच यंत्र हाती घेऊन पुढे आला. पळून जाणाऱ्या गुलामांना एक मनोरोग झालेला असतो, असे प्रतिपादन करणारा हाच तो कार्टराइट. काळ्या माणसांची फुप्फुसे गोऱ्यांहून सुमारे वीस टक्क्यांनी उणी असतात, म्हणून सक्तीचे श्रम त्यांच्या प्रकृतीला हितकारक, असा त्याचा निष्कर्ष होता. यादवी युद्धानंतर १८६९ साली बेंजामिन गूल्ड या खगोलशास्त्रज्ञाने सैनिकांच्या मोजमापांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातही हाच फरक आकड्यांत आला. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसांचे अन्न, वस्ती, बालपण यांचा हिशेब त्यात नव्हता. फरक नोंदवला गेला आणि पुढे तो 'स्वाभाविक' मानला गेला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या यंत्रांमध्ये काळ्या माणसासाठी अपेक्षित आकडा दहा ते पंधरा टक्क्यांनी आणि आशियाई माणसासाठी चार ते सहा टक्क्यांनी खाली ओढण्याची सोय रूढ झाली. लंडी ब्राउन यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सारा इतिहास उलगडून दाखवला आहे.

या सोयीचा व्यवहारातला अर्थ काय? जितके अपेक्षित कमी, तितके उणेपण कमी दिसणार. गोऱ्या कामगाराच्या फुप्फुसाला 'बाधा झाली आहे' असे ज्या आकड्यावर म्हणावे, त्याच आकड्यावर काळा कामगार 'ठीक' ठरणार. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये अॅस्बेस्टॉसच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत एका उष्णतारोधक माल बनवणाऱ्या कंपनीने नेमकी हीच मागणी केली होती की, काळ्या वादींना दावा लावण्यापूर्वी अधिक कडक निकष लावावेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाचा श्वासही, त्याला कल्पना नसताना, अशाच सवलतीच्या तराजूत तोलला जात होता. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष सूत्रे वापरावीत अशी शिफारस केली, तेव्हा कार्टराइटच्या अहवालाला एकशे बहात्तर वर्षे झाली होती.

५

हचिन्सनचे यंत्र श्वासाचे आकारमान मोजत होते. आशय अजून दूर होता. १८६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन टिंडॉल याने अवरक्त किरण उच्छ्वासातून जाऊ देऊन त्यातल्या कर्बवायूचे प्रमाण काढता येते, हे दाखवले. शस्त्रक्रियेच्या वेळी बेशुद्ध रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या आजच्या यंत्रात हेच तत्त्व आहे.

मात्र सर्वसामान्यांच्या ओळखीची पहिली उच्छ्वासपरीक्षा दवाखान्यात नव्हे, रस्त्यावर आली. १९५४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलीसदलातल्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी मद्यपी चालक पकडण्याचे यंत्र तयार केले. उच्छ्वासातल्या मद्यार्काने पोटॅशियम डायक्रोमेटचा रंग पालटतो आणि त्या पालटावरून रक्तातले प्रमाण कळते. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्यातही या परीक्षेला स्थान आहे आणि शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. येथे उच्छ्वास अक्षरशः न्यायालयातली साक्ष झाला. ही साक्ष सोपी का? कारण मद्यार्क हा एकच पदार्थ, तो बाहेरून आलेला, रक्तात आणि श्वासात त्याचे प्रमाण बऱ्यापैकी ठरलेले, आणि विचारायचा प्रश्नही एकच. रोगाच्या बाबतीत यांपैकी एकही सोय नाही.

ती अडचण किती मोठी आहे, हे १९७१ साली कळले. लायनस पॉलिंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्छ्वास थंड नळीत गोठवून घेतला आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साहाय्याने त्याचे घटक वेगळे केले. नायट्रोजन, प्राणवायू, कर्बवायू आणि वाफ यांच्याखेरीज त्यात सुमारे अडीचशे पदार्थ अत्यल्प प्रमाणात आढळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सूचीत निरोगी माणसांच्या उच्छ्वासातून नोंदवलेल्या बाष्पशील पदार्थांची संख्या ८७२ आहे. चरकाच्या वैद्याकडे विशेषणे थोडी होती. येथे अचानक शब्दकोशच हाती आला. पण शब्दकोश हाती आला म्हणून भाषा येते असे नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

६

या शब्दकोशातल्या एका शब्दाचा अर्थ मात्र बराच नीट लागला. तो शब्द म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९९१ साली स्वीडनमध्ये गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी उच्छ्वासात हा वायू असतो, हे दाखवले. १९९३ साली तिथल्याच संशोधकांनी दम्याच्या रोग्यांत त्याचे प्रमाण वाढलेले असते, असे नोंदवले. दम्याच्या एका मोठ्या प्रकारात श्वासनलिकांना विशिष्ट तऱ्हेची सूज असते. त्या सुजेच्या संकेतांनी नलिकांच्या अस्तरातल्या पेशी हा वायू अधिक प्रमाणात तयार करू लागतात. फवाऱ्यातून घेतलेल्या स्टेरॉइडने सूज उतरली की वायूही उतरतो. म्हणजे येथे पदार्थ, त्याचे उगमस्थान आणि रोगाची क्रिया, तिन्हींचा सांधा जुळला. २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या मापनाच्या यंत्राला मान्यता दिली.

तरीही हा एक शब्द वाचायला किती पथ्ये पाळावी लागतात, हे पाहण्यासारखे आहे. हळू फुंकले तर प्रमाण जास्त येते, जोरात फुंकले तर कमी. म्हणून सेकंदाला ५० मिलिलिटर हा वेग ठरवावा लागला. नाकाच्या पोकळ्यांत हाच वायू कितीतरी अधिक असतो, म्हणून नाकातली हवा मिसळू नये यासाठी किंचित अडथळ्याविरुद्ध फुंकायला लावतात. त्यामुळे टाळूचा मागचा पडदा मिटतो. धूम्रपानाने आकडा घटतो. पालक, बीट यांसारख्या नायट्रेटयुक्त भाज्या खाल्ल्या असतील तर तो वाढतो. एवढे करून मिळालेला आकडा प्रौढ माणसात अब्जभागांत २५ हून कमी असेल तर या प्रकारची सूज संभवत नाही, ५० हून अधिक असेल तर संभवते, असे २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हटले. मधल्या आकड्यांचे काय? तिथे रोग्याची लक्षणे, त्याचा पूर्वेतिहास, त्याचे सांगणे लक्षात घेऊन अर्थ लावावा, अशी सूचना आहे. दम्याचे असेही प्रकार आहेत की, ज्यांत हा वायू वाढतच नाही. म्हणजे यंत्राने ज्याची साक्ष अनावश्यक करायची, तो रोगी पुन्हा साक्षीला बोलवावा लागलाच.

७

एका शब्दाची ही कथा, तर संपूर्ण वाक्य वाचू पाहणाऱ्यांची काय असेल? १९९९ साली मायकल फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात फुप्फुसांच्या कर्करोगाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्यांच्या छातीच्या क्षकिरणचित्रात दोष आढळला होता अशा १०८ जणांचा उच्छ्वास त्यांनी तपासला आणि २२ पदार्थांच्या एकत्रित आकृतिबंधावरून कर्करोगाचे रोगी वेगळे काढता येतात, असे दाखवले. निबंध महत्त्वाचा होता आणि त्याने संशोधनाची एक लाटच आणली. त्या आधी, १९८२ साली पर्साउड आणि डॉड यांनी निरनिराळ्या संवेदकांचा एकत्र प्रतिसाद पाहून गंध ओळखणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक नाका'ची कल्पना मांडली होती. दोन्ही प्रवाह येथे एकत्र आले.

पण निरनिराळ्या गटांनी काढलेल्या पदार्थांच्या याद्या एकमेकींशी जुळेनात. याची कारणे उद्बोधक आहेत. उच्छ्वासातले बेंझीन रोग्याच्या पेशींतून आले, सिगारेटमधून आले, की पेट्रोलपंपावरून? रुग्णालयाच्या खोलीतली हवा आत जाऊन बाहेर येते, म्हणून खोलीच्या हवेचे मापन वजा करावे लागते; पण आदल्या दिवशी शरीरात मुरलेले वजा कसे करणार? उच्छ्वास साठवण्याच्या पिशव्याही स्वतःचे पदार्थ त्यात सोडतात. शिवाय पदार्थ शेकडो आणि रोगी थोडे अशी स्थिती असली, म्हणजे केवळ योगायोगानेही सुंदर आकृतिबंध सापडतात. एखाद्या कवितासंग्रहात पुरेशी चिकाटी दाखवली तर कोणत्याही सिद्धांताला अनुकूल प्रतिमा सापडतात, हा अनुभव समीक्षेच्या क्षेत्रात नवा नाही.

यात आणखी एक साधे गणित आहे. समजा, दहा हजार माणसांत पन्नास जणांना एखादा रोग आहे आणि परीक्षा रोगी व निरोगी दोघांनाही नव्वद टक्के अचूक ओळखते. ती पंचेचाळीस रोगी शोधून काढेल. पण त्याबरोबर नऊशे पंचाण्णव निरोगी माणसांनाही रोगी ठरवील. प्रत्येकाच्या वाट्याला पुढची तपासणी, सुई, खर्च आणि रात्रीची झोप उडणे आले. म्हणून 'नव्वद टक्के अचूक' ही बातमी वाचताना 'कोणत्या माणसांत?' हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही.

कोविडच्या साथीत हा उद्योग एकदम प्रकाशात आला. मे २०२१ मध्ये सिंगापूरने आणि १४ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेने कोविडच्या एकेका उच्छ्वासपरीक्षेला तात्पुरती मान्यता दिली. अमेरिकेतल्या यंत्राची परीक्षा २,४०९ जणांवर झाली होती. बाधितांना ओळखण्याचे प्रमाण ९१.२ टक्के आणि निरोगींना निरोगी म्हणण्याचे ९९.३ टक्के आले. तीन मिनिटांच्या आत निकाल देणारे हे यंत्र प्रवासी बॅगेएवढे होते. तरीही 'बाधित' असा निकाल आला तर त्याची रेणवीय चाचणीने खात्री करून घ्यावी, अशी अट मान्यतेत होती.

८

आपल्या दृष्टीने या साऱ्याचा कस लागणार आहे तो क्षयावर. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. १८८२ साली रॉबर्ट कॉखने जंतू शोधून काढल्यापासून क्षयाच्या निदानाची मदार मुख्यतः बेडक्यावर राहिली आहे. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. अशक्त रोग्यांना आणि ज्यांचा रोग अजून कोवळा आहे त्यांनाही तो अनेकदा येत नाही. म्हणून तर टांझानियातल्या मोरोगोरो येथे पिशवीगालाच्या मोठ्या उंदरांना बेडक्याच्या नमुन्यांतला क्षयाचा गंध ओळखायला शिकवले गेले. हिपॉक्रेटिसच्या निखाऱ्याची जागा उंदराच्या नाकाने घेतली आणि त्याने दाखवलेले नमुने प्रयोगशाळेत पुन्हा तपासले जातात. म्हणूनच लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेत रोग्यांना खास पट्टी लावलेला मुखवटा घालायला देऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणारे क्षयजंतूच थेट पकडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात रोगाचे निदान अजून न झालेल्या काही माणसांच्या मुखवट्यांतही जंतू सापडले. येथे रासायनिक खुणांचा अर्थ लावण्याची गरज पडत नाही. जंतू स्वतःच हजर होतो.

रासायनिक खुणांवरून क्षय ओळखू पाहणाऱ्यांपुढे मात्र हचिन्सनच्या काळचाच प्रश्न उभा आहे. अपेक्षित उच्छ्वास कोणाचा धरायचा? युरोपातल्या रुग्णालयातल्या निरोगी स्वयंसेवकाचा धरला, तर चुलीवर लाकूड जाळणाऱ्या घरातल्या बाईचा उच्छ्वास पहिल्याच फुंकरीला संशयास्पद ठरेल, कारण लाकडाच्या धुरातही बेंझीन असते. उलट, 'इथल्या लोकांचे असेच असते' म्हणून अपेक्षाच खाली ओढली, तर कार्टराइटची वाट पुन्हा धरल्यासारखे होईल आणि चुलीचा अपाय नजरेआड जाईल. या दोन चुकांमधून जाणारी वाट एकच आहे आणि ती कष्टाची आहे. आधी इथल्या निरोगी माणसांचा उच्छ्वास गोळा करायचा आणि प्रत्येक नमुन्याबरोबर ते काय खातात, कशावर शिजवतात, कुठे काम करतात, रात्री आडवे पडल्यावर त्यांना धाप लागते का, हे त्यांच्याच तोंडून विचारून लिहून ठेवायचे. चरकाच्या वैद्याने तमकश्वासाच्या रोग्याला विचारले असतील त्यांतले बरेचसे प्रश्न हेच आहेत. यंत्राच्या नळीत फुंकून झाल्यावर रोग्याचे तोंड बोलायला मोकळे होते. त्या वेळी समोर कोणी ऐकायला बसलेले असावे, एवढी तजवीज यंत्र विकत घेणाऱ्यांनी केली पाहिजे.